भिंतीला दोन्ही हात

आमच्या गावच्या विहिरीत शर्यत लागली, की ज्याचा हात आधी पायरीच्या दगडाला लागेल तो जिंकला. हात म्हणजे एक हात. दुसरा हात कुठे होता, हे कोणी विचारत नसे. तो नाकातलं पाणी काढण्यात गुंतलेला असायचा, नाहीतर शेजारच्याचा पाय ओढण्यात. मी या नियमावर वाढले. पाठीला सुकलेला भोपळा बांधून मामाने मला विहिरीत ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि दहाव्या वर्षी तापीत म्हशींच्या बरोबरीने पलीकडे जात होते. शाळा सातवीला सुटली. पोहणं सुटलं नाही.

तोच विहिरीचा नियम मी सिल्वासापर्यंत घेऊन आले, आणि त्याच नियमाने दोन महिने एका बाईंची वेळ मोजली. त्या बाईंनी माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं सख्ख्या माणसांनीही केलं नसेल. आणि मी त्यांचं एवढं मोठं नुकसान करायला निघाले होते, की आजही पोहण्याच्या तलावाची फरशी पुसताना मध्येच आठवण येते आणि हात थांबतो.

मी आणि माझे मिस्टर सहा वर्षांपूर्वी इकडे आलो. ते सायली गावात धाग्याच्या कंपनीत मशीनवर, मी त्याच कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला. मॅडम तिथे क्वालिटीच्या मोठ्या साहेब. मूळ नाशिकच्या, एकट्या राहणाऱ्या, केस बारीक कापलेले, चालणं असं की जिन्यावरसुद्धा कोणी पुढे जाऊ नये. जेवणाच्या सुट्टीत कधी आमच्या टेबलाशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, कोण कुठली. मी सांगितलं, तापीकाठची.

“मग पोहता येत असेल?”

“येतं ना मॅडम. म्हशींसंगे.”

“म्हशी फार चांगल्या पोहतात,” त्या म्हणाल्या. सगळ्या बायका हसल्या, पण मॅडम हसल्या नाहीत. त्या खरंच तसं म्हणत होत्या.

पुढे ठेकेदार बदलला आणि आम्हा वीसेक बायकांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. पंधरा दिवस मी घरात भांडी घासलेलीच पुन्हा घासत होते. मग मॅडमचा फोन आला. आमली भागात त्या पोहायला जायच्या त्या तलावावर सकाळच्या बायकांच्या बॅचला देखरेखीसाठी बाईमाणूस हवं होतं. ऑफिसात फॉर्म भरायचा होता. ‘शिक्षण’ या रकान्यापाशी माझं पेन अडलं. मॅनेजरनी वाचलं आणि म्हणाले, “सातवी? बेन, यहाँ केमिकल का चार्ट पढ़ना पड़ता है.”

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. “चार्ट मी मराठीत लिहून देते,” त्या म्हणाल्या. “पण उद्या कोणी बुडायला लागलं, तर तुमच्या ऑफिसातला कुठला ग्रॅज्युएट उडी मारणार आहे, तेवढं मला सांगा.”

मॅनेजरनी पोटावरून हात फिरवत फॉर्मवर सही केली. मॅडमनी खरोखरच चार्ट लिहून दिला. क्लोरीन किती, पाण्याचा रंग पट्टीवर कुठल्या खुणेपाशी यायला हवा, सगळं मोठ्या ठसठशीत अक्षरात. तो अजून केमिकलच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. मला आता पाठ आहे, तरी मी रोज वाचते. चुकून काही राहिलं तर, असं मला सारखं वाटतं. दाराची कडी मी तीनदा बघते, पाण्यातली डोकी चारदा मोजते. बॅचच्या बायका चिडवतात, “ताई, आम्ही मेलो तर तुम्हाला आधी कळेल.”

मॅडम सामरवरणीहून गाडी घेऊन सहाच्या ठोक्याला हजर व्हायच्या. वय छप्पन्न. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा खांदा आखडला होता, इतका की केसांची क्लिप मागे लावता येईना, म्हणून केसच कापून टाकले. डॉक्टर म्हणाले, पोहा. त्या पोहायला लागल्या आणि खांदा सुटला. एवढ्यावर कोणी शहाणं माणूस थांबलं असतं. पण एका सकाळी मी फरशी पुसत होते आणि मागे पाण्याचा असा आवाज आला, की मी मॉप टाकून धावले. मला वाटलं, कोणाला तरी झटका आला.

तो बटरफ्लाय होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर येतात, पंखांसारखे पसरतात आणि पुढे जाऊन पडतात. घाटावर दोन बायका ओली गोधडी दोन टोकांना धरून झटकतात ना, तसं. फक्त इथे दोन्ही टोकं एकाच बाईच्या हातात. पाय बांधल्यासारखे एकत्र, आणि छातीपासून टाचेपर्यंत एक लाट जाते. आम्ही नदीत जे पोहायचो ते पोट भरण्यासारखं होतं. हे लग्नाचं जेवण होतं. छप्पन्न वर्षांची, दुखऱ्या खांद्याची बाई पंचवीस मीटर तशी गेली, भिंतीला लागली आणि धापा टाकत मला म्हणाली, “कॉलेजात येत होतं गं. अजून येतं की!”

नंतर कळलं की वापीला मोठ्या वयाच्या लोकांची निवड होणार होती. पन्नास मीटर बटरफ्लाय, आणि मॅडमच्या वयाच्या गटात पन्नास सेकंदांच्या आत आलं तरच पुढच्या स्पर्धेला जाता येणार. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हा एक हंगाम. यानंतर बटरफ्लाय बंद, नाहीतर खांदा पुन्हा जाईल. म्हणजे संधी एकच होती. एप्रिलमध्ये त्या निवृत्त होणार, नाशिकला जाणार. “तिकडे जाऊन मी देवळात बसणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे,” त्या म्हणायच्या, “पण जाण्याआधी एवढं एक करायचंय.”

त्यांनी लाल दोरीचं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं. “कोच पोरांच्या मागे असतात, मला बघायला कोणी नाही. तू बघ, आणि जे दिसेल ते बोल.”

आता मला बटरफ्लायमधलं काय कळणार? पण बघायला येत होतं. पॅकिंगला बसून बसून डोळ्यांना सवय लागली होती, धागा गुंडाळलेल्या शंभर सारख्या कोनांमधला एक वाकडा लगेच टोचायचा. तसं मॅडमचं पोहणं बघताना एक जागा टोचली. “मॅडम, श्वास घ्यायला तुम्ही मान फार वर काढता. मान वर गेली की कंबर बुडते.”

त्या पाण्यात उभ्याच राहिल्या. “पुन्हा सांग.”

मी सांगितलं. एका मोठ्या कंपनीतल्या साहेब बाई, माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी हनुवटी पाण्याला घासत श्वास घेऊ लागल्या. मग प्रत्येक हाताला श्वास घ्यायच्या ऐवजी एक सोडून एक. मग पायांचे दोन झटके, पहिला झटका हात पुढे पडताना आणि दुसरा झटका हात मागे निघताना. दुसरा त्या विसरायच्या, तेव्हा मी काठावरून टाळी वाजवायची. चौपन्न सेकंद होते ते बावन्न झाले, मग एक्कावन्न. आणि एका सकाळी घड्याळात एकोणपन्नास पूर्णांक आठ आलं. त्या रविवारी मॅडमनी सगळ्या बॅचला फाफडा-जिलेबी आणली आणि माझ्या हातात वेगळा पुडा दिला. “हे मास्तरीणबाईंना.”

मला सातवीच्या पुढे कोणी काही म्हटलं नव्हतं. तो पुडा मी घरी नेला आणि मिस्टरांना दोनदा सांगितलं, मॅडम काय म्हणाल्या ते.

त्याच आठवड्यात संध्याकाळची बाई रजेवर गेली म्हणून मला पोरांच्या बॅचला थांबावं लागलं. मी बाकाशेजारी टॉवेल लावत होते आणि कोच एका मुलीवर ओरडत होते, “एक हाथ? बटरफ्लाय में एक हाथ? जा, घर जा, मम्मी को बोल आज एक हाथ से रोटी बना!”

पोरं खिदळली. माझा हात टॉवेलवरच राहिला. मी जवळ जाऊन विचारलं, “सर, एक हात आधी लागला तर काय होतं?”

“बाहर, ताई. दोनों हाथ साथ में लगने चाहिए. मुड़ते समय भी, आख़िर में भी. टाइम कितना भी अच्छा हो, गया.”

डोळ्यांपुढे लगेच मॅडमचा डावा हात आला. रोज पाहिलेला. उजवा हात भिंतीला थाडकन लागायचा, मान वर यायची, आणि डावा मागून पाण्याखालून हळूच यायचा, लग्नघरी उशिरा आलेल्या पाहुणीसारखा. तो दुखरा होता, त्याला वेळ लागणारच. आणि मी उजवा हात लागला की बटण दाबत होते, आमच्या विहिरीच्या नियमाने. एक हात दगडाला लागला, संपली शर्यत.

एवढंच असतं तर अडाणीपणा म्हणून सोडता आलं असतं. पण खरं लिहायचं तर सगळं लिहावं लागेल. शेवटच्या आठ-दहा दिवसांत माझा अंगठा उजव्या हाताचीही वाट बघत नव्हता. हात भिंतीजवळ आला, लागणारच आहे, असं वाटलं की अंगठा खाली जायचा. मॅडमचा चेहरा पडलेला बघायची मला भीती वाटायची. मी तो अंगठा मागे घेऊ शकले असते. घेतला नाही.

चार दिवस मी गप्प राहिले. मॅडम यायच्या, पोहायच्या, मी वेळ सांगायची आणि नजर क्लोरीनच्या डब्याकडे. सांगितलं तर काय होईल? त्या म्हणतील, इतके दिवस काय करत होतीस. मॅनेजरांना कळेल. सातवी पास बाई, घड्याळसुद्धा धड दाबता येत नाही. पुन्हा पंधरा दिवस घासलेली भांडी घासत बसायचं.

मिस्टरांना माझं जेवण कमी झालेलं दिसलं. ते तसे थोडकं बोलणारे, आणि बोलले तर घरच्या अहिराणीतच. “काय व्हयनं?”

मी सगळं सांगितलं. ते भाकरी मोडत ऐकत होते.

“तिले सांगी टाक,” ते म्हणाले.

“आणि काम गेलं तर?”

“काम गयं ते दुसरं पाहसूत. पन ती बाई तठे जाईसन सगळासमोर बाद व्हई, ते चाली का तुले?”

मला ते चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम टोपी घालत होत्या तेव्हाच मी बोलले. आधी नियम, मग डावा हात, मग विहीर, मग अंगठा.  बॅचच्या बाकी बायका उथळ बाजूला पाय मारत होत्या. मॅडमनी टोपी काढून हातात घेतली.

“दोन हातांचा नियम मला माहीत आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “कॉलेजात घोकलाय. मला वाटत होतं, माझे दोन्ही एकदमच लागतात.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, भिंतीशी गुडघ्यावर बसवलं आणि सांगितलं, काढ. त्या पोहून आल्या आणि आम्ही दोघींनी व्हिडिओ पाहिला. उजवा, मग मान, मग डावा. त्यांनी तो तुकडा तीनदा मागे नेला. फोनमधली खरी वेळ एक्कावन्न सेकंदांच्याही पुढे होती, आणि अशी वेळ तिथे धरलीच गेली नसती.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“चार दिवस, मॅडम.”

“चार दिवस.” त्या गॉगलची काच पुसत राहिल्या. “हे बघ. गोड खोटं ऐकवायला माझ्या ऑफिसात माणसं आहेत. पगारी आहेत. मी तुझ्याकडे त्यासाठी येत नव्हते.”

मी मान खाली घालून रडायला लागले. मला वाटलं आता त्या स्टॉपवॉच मागतील. मी दोरी गळ्यातून अर्धी काढलीसुद्धा.

“ते राहू दे गळ्यात,” मॅडम म्हणाल्या. “आणि डोळे पूस. पाण्यात टिपं पडली तर सगळा चार्ट बिघडेल, परत मला लिहावा लागेल. बारा दिवस आहेत. चल.”

त्या बारा दिवसांत मी जे पाहिलं ते कुठल्या शाळेत पाहिलं नसतं, मी पुढे शिकले असते तरी. छप्पन्नाव्या वर्षी एखादी बाई आपली चूक मोडून पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेते, तेही कोणावर न खेकसता. पहिले दोन दिवस मॅडम पूर्ण पोहल्याच नाहीत. फक्त भिंतीपाशी काम. भिंतीच्या पाच मीटर आधी तलावावर पताका टांगलेल्या असतात, उताणं पोहणाऱ्यांना भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून. मॅडम त्या पताकांखालून निघायच्या आणि मोजायच्या, पताकांपासून भिंतीपर्यंत हात किती. अडीच येत होते. तो अर्धा हाच चोर होता. भिंत हाताशी येत नाही म्हणून त्या शेवटी एक आखूड, घाईचा हात मारायच्या, आणि घाईत डावा मागे पडायचा.

“अर्धा हात कोणालाच नको,” त्या म्हणाल्या. “दोनच मारायचे, लांब. दुसऱ्यानंतर हात पुढे ताणून पायाने जायचं.”

माझा विश्वास बसेना. हात थांबवून वेग कसा वाढेल? घाई केल्याशिवाय काही लवकर होतं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. पण काठावरून दिसत होतं. हात ताणलेले, डोकं खाली, पायांचा एक जोराचा झटका, आणि त्या भिंतीकडे अशा सरकायच्या जशी ओल्या फरशीवरून बादली. भिंतीकडे मात्र बघायचं नाही. बघितलं की मान वर, कंबर खाली, सगळं मुसळ केरात. तळाच्या काळ्या पट्टीला भिंतीच्या अलीकडे आडवी रेघ आहे, तेवढी बघायची.

डाव्या हाताचा प्रश्न उरला. तो उजव्याइतका झपकन फिरत नव्हता, आणि त्याला ओढायला डॉक्टरांची मनाई. मॅडम म्हणाल्या, मग उजव्याने थांबायचं. पाचेक दिवस त्या उजवा हात मुद्दाम संथ ठेवून पोहल्या, दोन्ही एका तालात येईपर्यंत. वेळ वाढली. त्रेपन्न. मी ती त्रेपन्न सांगितली, अगदी स्पष्ट. 

“शाब्बास,” मॅडम म्हणाल्या. ती शाब्बासकी त्यांनी मला दिली की स्वतःला, मी विचारलं नाही.

मलाही एकदा उथळ बाजूला तो प्रकार करून बघावासा वाटला. दोन हात जमले. तिसऱ्याला मी इतकं पाणी प्याले, की त्या दिवशी चार्टसाठी तपासायला माझंच पोट पुरलं असतं. मॅडम काठाला धरून हसत होत्या. “म्हशी बऱ्या होत्या गं तुझ्या!”

हळूहळू दोन्ही हात जुळले आणि मग वेळ आपोआप खाली येऊ लागली. बावन्न, एक्कावन्न, पन्नास पूर्णांक सहा. शेवटचे दोन दिवस त्यांनी विश्रांती घेतली. माझ्या घड्याळात पन्नासच्या आत त्या एकदाही आल्या नव्हत्या, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं होतं.

वापीला मी रजा टाकून त्यांच्या गाडीतून गेले. मांडीवर टॉवेल, गळ्यात लाल दोरी. तिथे आमच्यासारखाच पंचवीस मीटरचा तलाव, पण प्रत्येक लेनच्या टोकाला पांढऱ्या कपड्यातली माणसं, हातात पाट्या आणि घड्याळं. वळायच्या जागी एक साहेब वाकून फक्त हात बघत होते. त्यांनी हात वर केला की पोहणारा बाद. मॅडमच्या आधीच्या गटात एका काकांच्या वेळी तो हात वर गेला. काका पाण्यात उभे राहून “अरे, पण लागले ना!” म्हणत राहिले. 

मॅडम चौथ्या लेनमध्ये उभ्या राहिल्या. एकदा डावा खांदा फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं झालं.

शिट्टी झाली. मी बटण दाबलं आणि मग घड्याळ बघितलंच नाही. पहिल्या भिंतीपाशी पताकांखालून एक, दोन, आणि हात ताणले. दोन्ही. एकदम. वाकलेले साहेब वाकलेलेच राहिले, त्यांचा हात खालीच. परतताना शेजारची बाई पुढे होती. पण ती भिंत बघत होती, मान वर वर येत होती. मॅडमचं डोकं खाली. मी कोणाचीही पर्वा न करता दर हाताला टाळी वाजवत होते. पताका. एक. दोन. सरकल्या. उजवा लागला, डावा लागला, की दोन्ही एकदमच? मी अंगठा धरून ठेवला. नीट बघितलं. दोन्ही तळवे भिंतीवर पसरलेले दिसले, तेव्हाच दाबला.

माझ्या घड्याळात पन्नास पूर्णांक चार.

 मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. मग माइकवरून वेळा सांगायला लागले. चौथी लेन, एकोणपन्नास पूर्णांक सात. हात बरोबर. निवड.

मॅडम पाण्याबाहेर आल्या, टॉवेल घेतला, श्वास बसेपर्यंत माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझं किती आलं?”

मी घड्याळ मुठीत धरलं. “मॅडम, त्यांनी सांगितलं ना. तेच खरं.”

“तुझं विचारते आहे.”

मी मूठ उघडली. त्यांनी वाचलं, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं आणि मोठ्याने हसल्या. अशा हसल्या की पांढऱ्या कपड्यातले साहेबसुद्धा वळून बघायला लागले.

“आता अंगठा उशीर करतोय होय तुझा?”

“दोन्ही हात लागल्याची खात्री केली, मॅडम.”

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या आणि स्टॉपवॉच पुन्हा माझ्या गळ्यात नीट सरळ केलं. “त्यांचं एकोणपन्नास त्यांच्या कागदावर राहू दे. आपण तुझ्या घड्याळात पन्नासच्या आत येऊ. उद्या सहाला.”

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला तलाव उघडला. चार्ट वाचला, पाणी तपासलं, कडी बघितली. सहाच्या ठोक्याला त्या आल्या.